रोवणीच्या कॅसेटचे यशस्वी प्रकाशन

कला जिवंत राहते ती प्रकाशन समारंभामुळे. ऐकणाऱ्यांचा त्यात विशेष वाटा नसतो. आरमोरीत १९८६ साली हे सप्रमाण सिद्ध झाले.

रुखमाबाईंना हे ठाऊक नव्हते. त्या धानाच्या बांधीत वाढलेल्या. आई वारली तेव्हा तिचे रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, एक गाणे फक्त त्यांच्या गळ्यात उरले, आणि गळा यंदा बसत चालला होता. म्हणून त्यांनी नेम धरला: आईचे गाणे चार माणसे बसून ऐकत नाहीत, तोवर भात वर्ज्य. (भात नाही तर माणूस जेवलाच नाही, असे धरणाऱ्या गावात हा अर्धा वनवासच.)

भाचा हरिदास रेडिओ दुरुस्त करी. त्याच्याकडे बॅटरीवरचा बटणांचा बाजा होता, आणि सातव्या बटणातून चिखलातून पाय उपसल्याचा हुबेहूब आवाज निघे. मावशीने गावे, भाच्याने चिखल वाजवावा, अशी ही जोडी. त्यांची पहिली कॅसेट अत्यंत यशस्वी ठरली. वाटलेल्या चाळीसपैकी एकोणचाळीस प्रती आठवड्यात हरिदासच्याच दुकानात परत आल्या, वर सिनेमाची गाणी भरून घ्यायला. चाळिसावी शेळीने खाल्ली. तिचा अभिप्राय उपलब्ध नाही.

दुसऱ्या वेळी हरिदास शहाणा झाला. नव्या कॅसेटच्या पाठीची खिट्टी त्याने मोडून टाकली. ती मोडली की वर दुसरे काही भरता येत नाही. "आता ब्रह्मदेव आला तरी पुसू शकत नाई, मावशी." मूळ कॅसेट ही एकच. समारंभात वाजायची, मग तिच्यावरून प्रती निघायच्या.

ब्रह्मदेव आला नाही. प्रकाशन समितीचे अध्यक्ष वामनराव आले. अकरा सदस्यांच्या समितीने कार्यक्रम ठरवला होता: दीपप्रज्वलन बारा मिनिटे, हारतुरे पस्तीस (हार तेच फिरवण्यात आले), अध्यक्षीय भाषण पंचेचाळीस, आभार चाळीस आणि शेवटी गाणे, तीन मिनिटे, वेळ उरल्यास.

अध्यक्षांचे भाषण जतन करणे हे समितीचे कर्तव्यच. कोरी कॅसेट मिळेना. तेव्हा सचिव पत्रू यांनी टेपात होती तीच कॅसेट घेतली आणि मोडल्या खिट्टीच्या भोकावर चिकटपट्टी लावली. (समितीत कर्तबगार माणसे नसतात, असे म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) हरिदास तेव्हा माईकची वायर धरून उभा होता, सोडली की आवाज जाई.

वामनराव गाण्यावर पंचेचाळीस मिनिटे बोलले. असे गाणे पुन्हा होणे नाही, म्हणाले. दोनदा डोळे पुसले. आभारानंतर चक्क वेळ उरला. टेप लावला, तर त्यातून वामनराव बोलू लागले. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"हरिदास, गाणं कुठी गेलं रे?"

"भाषणाखाली, मावशी."

रुखमाबाई उठल्या. "मंग मीच गातो. बसा न भाऊ, तीनच मिनिटं."

"अवो बाई," वामनराव कळवळले, "कॅसेट निघाली आता. तोंडानं काऊन गाता? कलेची बेइज्जती होते न!"

पंगत बसली. भात आला. पत्रू वाढायला वाकले. "झालं न प्रकाशन? सुटला तुमचा नेम. घ्या."

"आयकलं कोनं?"

समितीने पंगतीतच तातडीची बैठक घेतली. गाण्याविषयी ऐकणे हे गाणे ऐकण्याच्या बरोबरीचे मानावे, असा ठराव एकमताने संमत झाला. रुखमाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि बांधून आणलेली भाकर खायला घेतली.

पुढे त्या कॅसेटच्या दोनशे प्रती निघाल्या. वर रोवणी करणाऱ्या बाईचे चित्र आहे, आत वामनराव आहेत.

रोज सकाळी देवपूजा आटोपली की रुखमाबाई ओसरीवर चार पाट मांडतात. लोक येतात, पाणी पितात, समारंभ किती देखणा झाला ते सांगतात आणि उठतात. गाण्याचे शब्द काय होते, हे कोणी विचारत नाही.

इथवर वाचत आलात, तुम्हीही विचारले नाहीत. असू द्या. जेवून घ्या, भात निवतो आहे.