आयव्ही घरी गेली त्याची गोष्ट

डॉमनिककाका खुर्चीत बसत नसत. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, आणि आयव्हीची गोष्ट सांगताना तर खोलीभर येरझाऱ्या. आखातातल्या त्या गुदैबिया वस्तीतली आमची खोली ती केवढी, वळलं की भिंत. मी आपला खाटेवर पाय वर घेऊन बसायचो, नाहीतर बोटं चिरडायची.

काका वसईचे, मनाम्यातल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करायचे. मी रत्नागिरीचा दाऊद, एका व्यापाऱ्याकडे क्लार्क. आणि आयव्ही म्हणजे आमच्या लहानपणची एक अमेरिकन नटी. मी तिचा एकच पिक्चर पाहिला, पण काकांमुळे तिचं अख्खं आयुष्य मला पाठ. दूधवाल्याची पोर. स्टुडिओवाल्यांनी नाव बदललं, केस रंगवले, दातसुद्धा घासून सरळ केले. मग रंगीत पिक्चर, मोठमोठे हिरो, आणि ऐन भरात सगळं सोडून बाई नवऱ्याच्या घोड्यांच्या फार्मवर गेली ती कायमची.

इथं आलं की काकांचा आवाज चढायचा. "टॉपला असताना कोण घरी जातं रे? करियर खलास."

"कंटाळली असेल," मी म्हणायचो.

"कामाला माणूस कंटाळत नाही, दाऊद. घरी कंटाळतो."

स्वतःचं तेच. दोन महिन्यांच्या रजेवर वसईला जायचे आणि निम्म्यातच परत हजर. मोनिकाकाकू तिकडे एकट्या. एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, काका, घरी काय काटे टोचतात तुम्हाला?

"मोनिका मला सोनेरी काठाच्या कपात चहा देते," ते म्हणाले. "घरी फादर आले की निघतो तो कप. चांगली खुर्ची देते, पंखा माझ्याकडे वळवते. नवऱ्याला असं वागवतात का?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

पुढं हॉटेलचा मालक बदलला, लाँड्रीचं काम बाहेर दिलं, आणि काकांचा व्हिसा काही वाढला नाही. आता कायमचं घरी. मग काय विचारता, बॅग भरायची, उपसायची, पुन्हा भरायची. आयव्हीवरचा राग मात्र गेला. उलट मलाच विचारायचे, फार्मवर गेल्यावर तिचं पुढं काय झालं रे? काका वाचायचे ती सिनेमाची मासिकं तिथंच थांबली होती, मी कुठून सांगणार?

विमानतळावर माझा दंड धरून म्हणाले, "पहिल्या संध्याकाळी ती नवऱ्याशी काय बोलली असेल?"

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हा माणूस घरी जायला भीत होता, आणि मी त्याची टिंगल करत होतो. "इंशाल्ला, सुचेल काहीतरी," मी म्हणालो.

पुढच्या रजेत मी वसईला गेलो. काकूंनी मला चांगली खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. मग मागच्या दारी बघून ओरडल्या, "अहो, ते चिखलाचे पाय धुऊन या आत. किती वेळा सांगायचं?"

काका आले ते गुपचूप उंबऱ्यावर बसले. चक्क बसले.

चहा आला. माझा सोनेरी काठाच्या कपात. काकांच्या हातात काकूंनी कान तुटलेला कप ठेवला, वर दटावलं, "साखर मागू नका, पाव्हण्यापुरतीच होती."

"आयव्ही काय म्हणते, काका?" मी हळूच विचारलं.

त्यांनी तो फुटका कप दोन्ही हातांनी मला दिसेल असा वर धरला.

"मजेत आहे," म्हणाले, आणि बिनसाखरेचा चहा फुंकत बसले.