थांबायचा सिग्नल

संसदेचं अधिवेशन सुरू झालं की आमचे शेजारी वानखेडेकाका टीव्हीसमोर दोन्ही हात वर करून उभे राहतात. जुनवानी वस्तीत आम्ही नवीनच राहायला आलो होतो, तेव्हा खिडकीतून हे दृश्य पाहून मी लाटणं घेऊन धावले होते. वाटलं, घरात दरोडेखोर शिरले. आत दरोडेखोर नव्हते, टीव्हीवर खासदार होते.

"क्रेन थांबवून राहिलो," काका म्हणाले.

काकांनी जन्मभर कारखान्यात क्रेन चालवली. वर केबिनमध्ये खालचं काही ऐकू येत नाही, सगळा कारभार हातांच्या खुणांवर. तिथला नियम त्यांनी मला इतक्यांदा सांगितलाय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. "उचल म्हणाचा हक एकाच मानसाले. पण थांब कोनीबी म्हणू शकते, झाडूवाला बी. त्यानं हात वर केला का क्रेन थांबली पायजे. कावून थांबवली, ते मंग विचाराचं."

आणि टीव्हीवर काय दिसतं? एक जण बोलायला उठला की पन्नास जण ओरडतात. हा म्हणतो, तुमच्या राज्यात काय झालं ते सांगा. तो म्हणतो, तुमच्या काळात काय झालं ते सांगा. ज्याच्यावर आज बेतलंय, तो गेला खड्ड्यात. सोयीचा नियम तेवढा मोठ्यानं वाचायचा, गैरसोयीचा गिळायचा, आणि त्याच गोंधळात कायदा मंजूर! खरं सांगते, संताप होतो. आपण रांगेत उभं राहून बोटाला शाई लावून घेतली, ती यासाठी?

"वजन किती, खाली कोन उभा हाय, पाह्यलं का बे कोनी?" काका टीव्हीवर खेकसतात.

त्यांच्या घरात मात्र भांडणंसुद्धा शिस्तीत व्हायची. स्वयंपाकघरातला चावीचा टायमर टेबलावर यायचा. दोन मिनिटं काकांची, दोन मिनिटं सुमनकाकूंची. काका आपली दोन मिनिटं गर्जून संपवायचे. काकू मात्र चावी फिरवून एक शब्दही न बोलता मटार सोलत बसायच्या. पाळी त्यांची, त्यामुळे काकांना तोंड उघडता यायचं नाही. घंटी वाजेपर्यंत काका वरमलेले असायचे.

काकू गेल्या वर्षी गेल्या. सेक्टर दोनमधलं छोटं मराठी वाचनालय त्याच चालवायच्या. त्याला त्यांचं नाव द्यावं म्हणून काका वर्षभर अडून बसले होते. गेल्या रविवारी वाचनालयाच्या सभेत तो ठराव आला, तेव्हा रंगवलेली पाटी कागदात गुंडाळून काका पहिल्या रांगेत हजर होते.

अध्यक्ष बोरकरांनी ठराव वाचला. तेवढ्यात खुर्सीपार वस्तीतल्या मेश्रामबाई मागे हात वर करून उभ्या राहिल्या. "मले बोलाचं हाय." बोरकरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. "मंजूर?" "मंजूऽऽर!" सगळ्यांनी बाकं बडवली. हो, मीही बडवलं.

काका उठले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. बाकं बडवणं थांबलं.

"त्या बाईनं हात वर केला होता."

"काका, अहो, तुमच्याच घरच्यांचं नाव लागतंय!"

"म्हनूनच तं."

मेश्रामबाई बोलल्या. "आमी चौघी जनी उन्हातानात दारोदार फिरून पुस्तकं गोळा केली. एकटीचंच नाव कावून?" चर्चा झाली, मग हात मोजले. काकांचा हात काकूंच्या बाजूनं वर होता, पण हात कमी पडले. ठराव पडला.

दुपारी मी तणतणत त्यांच्याकडे गेले. पाटी काकूंच्या खुर्चीत टेकवून ठेवली होती. काकांनी टायमरची चावी फिरवली. "बोल."

मी बोलले. "तिकडे दिल्लीत अख्खे नियम वाकवतात, कोणाला लाज नाही, आणि तुम्ही एका पाटीपायी हरिश्चंद्र व्हायला निघालात? वर्षभर वाट पाहिलीत ना? काकूंसाठी एकदा गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" बोलता बोलता माझाच आवाज फाटला. घंटी वाजली.

काकांनी पुन्हा चावी फिरवली, पण बोलले काहीच नाहीत. न राहवून मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला आणि खुर्चीकडे पाहिलं.

"थांब. आता तिची पाळी हाय."

दोन मिनिटं टायमर टिकटिकत होता. घंटी वाजली तसे काकांनी डोळे पुसले.

"पाह्य," ते म्हणाले, "आज बी तुयी काकूच जितली."