बाराव्या पाटीचा वाद

पाटी दिसली की भोयर वकील चष्मा काढून खिशात ठेवतात. दहा पावलं पुढे गेले की पुन्हा घालतात. दुर्गजवळच्या कोहक्यातल्या आमच्या गल्लीत अकरा पाट्या आहेत आणि अकराच्या अकरा मी लावलेल्या आहेत, एवढं सांगितलं म्हणजे आमचं दोघांचं कसं जमत असेल ते तुम्हाला कळेल.

मी पोलादाच्या प्लांटच्या सेफ्टी विभागात चौतीस वर्षं नियम लिहिले. रिटायर झाल्यावर गल्लीच्या समितीचा सचिव झालो आणि लिहीतच राहिलो. भोयर दुर्गच्या कोर्टात वकिली करतात. वय माझ्याएवढंच, डोक्यावर केस मात्र माझ्या दुप्पट. सुरुवात तिथूनच आहे म्हणा ना. खोटं कशाला सांगू, मी या माणसावर जळतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. साहूंच्या कूलरचं पाणी वानखेड्यांच्या स्कूटरवर ठिबकायला लागलं. कूलर या विषयावर माझा सव्वा पानाचा नियम तयारच होता. तो शोधून, फायलीला लावून मी पोचेपर्यंत दोन्ही घरं भोयरांच्या व्हरांड्यात बसलेली.

"नुकसान दाखवा," भोयर म्हणाले. कुठल्याही भांडणात त्यांचं पहिलं वाक्य हेच. मग त्यांनी स्कूटरच्या सीटवरून बोट फिरवलं. "ओली हाये. मिश्राच्या बोरिंगचं पानी तुमच्या अंगनात शिरलं होतं, तवा काय ठरलं होतं आपलं?"

"ज्याचं पानी त्यानं वळवावं," वानखेडे म्हणाले.

"मंग तेच इथंबी. साहूजी, कूलर जरा हाथभर उधर सरका दो."

साहूंनी सरकवला. विषय संपला. माझं सव्वा पान हातातच राहिलं. भोयरांना साहूंकडून आल्याचा चहा आला आणि मी तिथे उभा आहे हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणते, "अजी, एवढं लिहीत कावून बसता? वकीलसाहेबाले इचारून घेत जा ना." त्या दिवशी रागाने मी जेवलो नाही. म्हणजे भात नाही घेतला.

एकदा मी त्यांना यामागचं तत्त्व विचारायची चूक केली. खुर्ची पुढे ओढत ते म्हणाले, "सेफ्टीसाहेब, विलायतेतले जुने न्यायाधीश कायदा लिहीत बसत नव्हते जी. लोकं भांडत यायचे, हे निकाल द्यायचे. पुढच्यानं मागच्याचा निकाल पाहून चालायचं. असा तो कायदा घरच्या घरी वाढला. आन् रेग्युलेशन? तो घरजावई. सरकारनं आनून बसवला. हाकलता तं येत नाई. मंग वकील लोकांनी काय केलं, जेवढं अक्षरात लिहिलं तेवढंच त्याच्या ताटात वाढलं. वरून एक चमचा नाई."

"आन् अंगावर गरम लोखंड सांडलं, तं निकाल कोनाले देता मंग?" मी विचारलं.

यावर ते उठून आत गेले. मी जिंकलो! तो आनंद मला दोन दिवस पुरला.

गल्लीच्या टोकाला जमिनीत पाण्याची सामाईक टाकी आहे. किती पाणी आलंय ते बघायला लोक तिचं लोखंडी झाकण सरकवतात आणि तसंच टाकून जातात. गणपतीच्या बैठकीत मी नियम मांडला, की टाकीचं झाकण उघडं ठेवू नये, आणि तशी बारावी पाटी लावावी.

भोयर उभे राहिले. "झाकन लावा ना. पाटी काहाले?"

सगळे हसले. पाटी नामंजूर. नामंजूर म्हणून वर गेलेल्या हातांत आमच्या बायकोचाही हात होता.

मग मी चंग बांधला. उघड्या झाकणाचा फोटो काढायचा आणि भोयरांच्या नाकासमोर धरायचा. म्हणायचं, घ्या, हे नुकसान! दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला मोबाईल घेऊन टाकीकडे गेलो.

तिथे भोयर होते. अंगात कोर्टाचा काळा कोट, गुडघे मातीत, आणि झाकणाची एक कडी धरून ते ओढत होते. त्या झाकणाला दोन कड्या आहेत. काम दोघांचं आहे.

झाकण बसल्यावर मी विचारलं, "रोज लावता?"

"कोर्टातून आलो का लावतो."

"मंग बैठकीत आडवे कावून आले?"

ते गुडघे झटकत उभे राहिले. "माहा लहाना भाऊ रसमड्याले एका कारखान्यात होता जी. पान्याच्या हौदात पडून गेला. हौदाले झाकन नव्हतं. केस मीच लढलो. तिकडच्या वकिलानं कोर्टात फोटो दाखवला. हौदावर पाटी होती, लाल अक्षरात, झाकन उघडं ठेवू नये म्हनून. म्हने आमचा तं नियम होता, यानंच मोडला."

"मंग?"

"जिंकलो. आता दुसरे वकील तो निकाल दाखवतात. भावाचं नाव घेऊन. मी मांगच्या बाकावर बसून आयकतो."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. तिथे तर पाटीही नव्हती.

चौतीस वर्षं मी अशाच पाट्या लिहिल्या, लाल अक्षरातच. त्यातल्या किती पाट्यांखाली झाकण होतं, हे मी कधी जाऊन पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली. माझा नियम पाळणारा गल्लीत एकच माणूस होता आणि तो मी नव्हतो. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्या आल्याच्या चहाच्या दिवशीही वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दहा मिनिटं लवकर निघालो. तरी ते आधीच पोचलेले. म्हणजे इथेही माझा दुसरा नंबर. पण झाकण अजून उघडंच होतं आणि ते त्याच्याशेजारी उकिडवे बसून रस्त्याकडे बघत होते.

"या, सेफ्टीसाहेब," ते म्हणाले. "ती कडी तुमची."