देवमनभाऊंची फाटकी बाग

झाडाचं पान धड दिसलं की देवमनभाऊंचं डोकं फिरायचं. सकाळी सहाला हातात काडी घेऊन ते बागेत शिरत, एकेक पान उलटून बघत, आणि ज्या झाडाच्या पानांना भोक नाही त्याला तिथंच उभं राहून सुनावत. "चार महिने झाले तुले लावून. पानी देतो, शेन देतो, अन् तुह्या दारात एक पाहुना जेवून नाई गेला? कायले उभा हायेस बे?" कढीपत्ता बिचारा ऐकून घेई. शेजारच्या रुईची पानं मात्र चाळणी झालेली असत. तिच्यासमोर आले की यांचा आवाज एकदम मऊ. "हे पाहा खानदान. पंगतीवर पंगत उठून राहिली."

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना उजव्या हाताला आमचं वन्यजीव केंद्र लागतं. एक आंधळा बिबट्या, दोन म्हातारी अस्वलं, पाय मोडलेली हरणं आणि आम्ही कर्मचारी, असा एकूण दुखापतग्रस्त माल आहे. मी तिथला स्टोअर सांभाळणारा कारकून. वीस वर्षं टिकाव, फावडी आणि फिनेल वाटतोय. देवमनभाऊ ठेकेदारामार्फत आलेले रोजंदारीचे माळी, मूळ बाळापूर तालुक्यातले, साठी उलटलेले. मुलगी अकोल्याला दिलेली. बाकी कोणी नाही, म्हणून केंद्राच्याच मागच्या शेडमध्ये राहायचे.

वरून आदेश आला की पर्यटक वाढवायचे, तर फुलपाखरांची बाग करा, आणि ती शाश्वत करा. शाश्वत म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं. आमच्या साहेबांना वाटलं लॉन. त्यांनी लगेच लॉन आणि मधे कारंजं असा अंदाज काढला. पण पुण्याहून एक आराखडा करणाऱ्या मॅडम आल्या, त्यांनी लॉनवर फुली मारली. हे गवत पाणी पितं आणि कोणाच्या पोटात जात नाही, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, इथली झाडं कोणाला माहीत आहेत? आम्ही सगळे पदवीधर एकमेकांकडे बघत राहिलो. मागून देवमनभाऊ म्हणाले, "कोन्त्या अळीसाठी पायजे?"

मॅडम दोन दिवस त्यांच्या मागे वही घेऊन फिरल्या. रुईवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची येते, लिंबावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी येते, तरोट्यावर हिरवी येते, पानफुटीच्या पानात तर एक आतूनच खात जाते. हे सगळं देवमनभाऊंनी जागा दाखवून सांगितलं. देखभालीचं वेळापत्रक काय ठेवायचं असं मॅडमनी विचारलं तर म्हणाले, "हात नाई लावाचा. हेच वेळापत्रक." मॅडमनी ते तसंच लिहून घेतलं. जाताना त्या त्यांना 'सर' म्हणाल्या. आम्ही आठवडाभर हसत होतो. चहा मागवायचा झाला की कोणीतरी ओरडायचं, "सर, दोन कट आना." माणसाला कोणी मान दिला की आपल्या पोटात का दुखतं कोण जाणे, पण आमच्या दुखलं होतं, हे खरं.

बाग उभी राहिली ती अशी: वाळलेल्या पाल्याचे ढीग, पावसाचं पाणी मुरायला खड्डे, तरोटा, एरंडी, रुई, म्हणजे आम्ही ज्याला जन्मभर तण म्हणत आलो ते सगळं दगडांच्या सुबक वाटांमध्ये. साहेबांनी तरोट्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कधी काढणार?" देवमनभाऊ म्हणाले, "साहेब, पंगत बसल्यावर पत्रावळ्या ओढाच्या असतेत काय?"

वाघ बघायला मेळघाटात निघालेली माणसं लघवीला आमच्याकडे थांबतात आणि वाघ कुठे म्हणून विचारतात. देवमनभाऊ त्यांना रुईपाशी नेत. "अठी पाहा. हळू बोला, जेवून राहिली थे." एकदा अकोल्याचे एक निवृत्त हेडमास्तर पानं बघून म्हणाले, तुमच्या झाडांना रोग पडलाय. देवमनभाऊंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "रोग नाई गुरुजी, जेवन झालं. तुमच्या घरी पाहुने जेवले तं खरकट्या ताटाले रोग म्हनता का?" पाखरू येऊन अळी उचलून न्यायचं तेव्हा मात्र ते काही बोलत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "थेही भुकेलंच हाये ना बाप्पा."

उद्घाटन वन्यजीव सप्ताहात ठरलं. साहेबांनी त्यांना बजावून ठेवलं होतं, की त्या दिवशी बागेत फुलपाखरं उडाली पाहिजेत, नाही उडाली तर पुढच्या ठेक्यात तुमचं नाव नाही. म्हणजे शेडही नाही. देवमनभाऊंनी बोटांवर दिवस मोजले. ऐन वेळेला फुलपाखरं कोशातून निघतील असा त्यांचा हिशेब होता. दोनशेच्या वर कोश आणि अळ्या त्यांनी झाडनिहाय पाठ केल्या होत्या. आदल्या शनिवारी मुलीला उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला ते अकोल्याला गेले. जाताना मला म्हणाले, "बाबूजी, दोन दिवस फक्त ध्यान ठेवजा."

मी ध्यान ठेवलं.

रविवारी साहेब पाहणीला आले. पानं फाटलेली, काही झाडांच्या तर नुसत्या शिरा उरलेल्या. साहेबांचा चेहरा पडला. "उद्या पाहुणे हे बघणार? ही बाग आहे की उकिरडा?" आता मी भातकुलीचा, कापसाच्या घरातला. आमच्याकडे माणूस अळी बघतो तेव्हा विचार करत नाही, त्याचा हात आपोआप पंपाकडे जातो. बोंडअळीनं आमच्या अख्ख्या पिढीला दुसरं काही शिकवलंच नाही. मी म्हणालो, "साहेब, घरी पंप हाये माहा. औषध पन हाये." विषाला आम्ही औषधच म्हणतो. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वीस वर्षांत पहिली.

मोटरसायकलवर पंप बांधून आणला, तोंडाला रुमाल बांधला आणि दुपारभर फवारलं. मन लावून फवारलं. खरं सांगायचं तर मजा आली. बोटाएवढ्या अळ्या पटापट खाली पडत होत्या आणि मला वाटत होतं, आज केंद्रासाठी आपण काहीतरी केलं. ही बाग कशासाठी आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. चार महिने रोज ऐकत होतो. ऐकणं आणि डोक्यात शिरणं यांचा आमच्या खात्यात संबंध नसतो. संध्याकाळी झाडू मारला, अळ्या पाल्याबरोबर मागच्या खड्ड्यात टाकल्या आणि घरी येऊन पोरीला कडेवर घेऊन जेवायला बसलो.

सोमवारी सकाळी देवमनभाऊ आले ते फाटकातच थांबले. वास आला असणार. कुठलं औषध ते त्यांनी झाडापर्यंत न जाताच ओळखलं. मी समोरच उभा होतो. "साहेबांनी सांगितलं होतं," असं मी न विचारता म्हणालो. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते बागेतून एक चक्कर मारून आले, दोन-चार पानं उलटून बघितली आणि म्हणाले, "फवारनी बरोबर झाली. पानाच्या खालून पन मारलं तुमी. नवे लोक खालून मारत नाईत." शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून चार बोललो असतो. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वावरात ते मजुरीनं फवारणी करत होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतके दिवस विचारलंच नव्हतं. अळ्यांची एवढी ओळख कशी, याचाही उलगडा झाला.

पाहुणे अकराला आले. बागेत एक फुलपाखरू नव्हतं. साहेब बेरकी, त्यांनी सेल्फीसाठी आणलेलं फायबरचं मोठं फुलपाखरू ऐन वाटेत आणून ठेवलं होतं. सगळ्यांनी त्याच्या पंखात उभं राहून फोटो काढले. भाषणं सुरू झाली. रोप हातात द्यायला माळी हवा, तेव्हा साहेबांनी मला देवमनभाऊंना आणायला पाठवलं.

ते शेडच्या मागे बसले होते. पुढ्यात पाण्याची बादली, साबणाची वडी आणि पेपरावर ओळीनं मांडलेल्या अळ्या. खड्ड्यातून वेचून आणलेल्या. एकेक तळहातावर घ्यायचे, करंगळीनं साबण लावायचे, पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा पेपरावर ठेवायचे.

"भाऊ, मेल्या त्या."

"एक हालून राहिली होती."

मी उभा राहिलो. माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं, "माही घरवाली, इंदू, औषध कालवे माह्यासाठी. म्या पंप पाठीवर घ्याचा, थे बादलीत कालवून दे. हातानं. काडी शोधाले कोनाले टाइम होता? एक दिवस वावरातच पडली. लोक म्हने आधी जीपमंदी टाक. म्या म्हटलं, अंगाचा वास तं जाऊ द्या. विहिरीवर नेलं, साबन लावला, धुतलं. डाक्टर म्हने, धुतलं थे बरोबर केलं. पन उशीर झाला."

मला काहीतरी म्हणायचं होतं. माझं चुकलं, एवढे दोनच शब्द होते, पण ते काही केल्या तोंडातून निघेनात. तेवढ्यात मंडपातल्या भोंग्यावर आभारप्रदर्शन सुरू झालं. बागेला ऐन वेळी रूप दिल्याबद्दल माझा सत्कार होणार होता. माझं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"जा," देवमनभाऊ म्हणाले. मी वळलो तसं त्यांनी मनगट पकडलं. मला वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी मला खाली बसवलं, माझा हात नाकाजवळ नेला आणि वास घेतला.

"काल फवारल्यावर साबनानं धुतले होते का?"

"नुसत्या पान्यानं."

"तसेच जेवले?"

मी मान हलवली.

"लेकराले घेतलं काय?"

मी माझ्या हातांकडे बघितलं. त्यांनी बादलीतलं पाणी ओतून दिलं, नळाचं ताजं भरून आणलं आणि माझ्या हातांना कोपरापर्यंत साबण लावायला लागले. एकदा धुतले, पुन्हा लावला. "दोनदा धुजा. घरी गेलं का आंग धुजा, मंगच पोरीले हात लावजा. नखात राहते थे. इंदूच्या नखातच राहिलं होतं."

मंडपातून पुन्हा माझं नाव पुकारलं. देवमनभाऊ माझ्या करंगळीचं नख घासत होते.