पाटीवाल्या अण्णांचं दार

समस्त सांगलीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, विश्रामबागेत भरमूअण्णांच्या दुकानात दारावरची पाटी करायला जाताना सोबत सवड, संयम आणि शक्यतो बायको न्यावी. निव्वळ नाव सांगून तिथून पाटी मिळत नाही.

मी नाव तेवढं कागदावर लिहून गेलो होतो. गुरुवारी नव्या घराची वास्तुशांत, त्याआधी पाटी हवी. अण्णांनी कागद न वाचताच चष्म्याच्या डबीखाली दाबला. "नाव मागनं. आदी घर सांगा."

मग सुरू झाली उलटतपासणी. दार पहिलं कोण उघडतं? भांडण झालं की आधी कोण बोलतं? दोन्हींची उत्तरं ‘बायको’ अशी आल्यावर त्यांनी तिचं नाव वर घेतलं आणि माझं खाली, जरा बारीक अक्षरात. मी कुरकुरलो, तर म्हणाले, "तुमीच सांगितलं न्हवं?"

वडूजच्या एका निवृत्त सुभेदारांची पाटी त्यांनी अशीच केली. सगळी अक्षरं कवायतीला उभी असावीत तशी ताठ. शेवटचं तेवढं किंचित कललेलं. कारण नात आली की आपण तिचा घोडा होतो, हे सुभेदारांच्या तोंडून बोलता बोलता निघून गेलं होतं. पाटी बघून ते आधी भडकले. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच अक्षर बोट लावून दाखवतात.

"पाटी वाचून माणसाला दार वाजवावंसं वाटलं पायजे," हे अण्णांचं ब्रह्मवाक्य.

बुधवारी आम्ही दोघं वास्तुशांतीचं बोलावणं द्यायला त्यांच्या घरी गेलो. गल्लीत दोनदा पुढं गेलो, दोनदा मागं आलो. घर सापडेना, कारण पाटीवाल्याच्या दारावर पाटीच नव्हती. चार स्क्रू होते, गंजलेले.

आत बसल्यावर मी चेष्टेनं त्याबद्दल विचारलं. अण्णा बराच वेळ टीपॉयवरची नसलेली धूळ पुसत राहिले. मग सांगितलं की, जुन्या पाटीवर त्यांच्या बायकोचं नाव पहिलं होतं. ती गेली, आणि महिन्याभरात कुणी अनोळखी माणूस पाटी वाचून तिला हाक मारत दारात आला. त्याच दिवशी त्यांनी पाटी उतरवली. चार वर्षं झाली, नवी जमत नाही.

"तिचं नाव घातलं तर खोटं. न्हाई घातलं तर त्येबी खोटंच. आन् मला कोण इचारनार, घर सांगा म्हणून?"

 बायकोनं हातातली पिशवी खाली ठेवली, उठून उभी राहिली आणि एका दमात बोलून गेली, "अण्णा, नाव मागनं. आधी घर सांगा. आणि चहाचं पातेलं कुठं असतं, तेही."