उतार मोजणारी माधुरी

माधुरी कुठल्याही खोलीत शिरली की आधी जमिनीवर गोटी ठेवते. नमस्कार-चमत्कार नंतर.

आम्ही दोघं लखनऊत भूगोलाच्या बी.ए.ला, शेवटच्या वर्षाला. हे शहर सपाट आहे असं कुणी म्हटलं की ती खिशात हात घालते. "जमीन सपाट नसते यार, नजर असते!" एकदा चौकात कचोरी खाताना तिने बाकावर गोटी सोडली. गोटी थेट चटणीत.

"भैया, आपकी दुकान पूरब को झुकी है."

"झुकी तो बाबा के ज़माने से है, बिटिया. कचौरी कभी गिरी?"

आईबाबा चळवळीतले, त्यामुळे मी पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढलो. अन्याय दिसला की माझा हात कागदाकडे जातो. माधुरी माझं प्रत्येक पत्रक वाचून एकच सांगायची, "उद्गारचिन्हं कमी कर. उतार किती, ते लिही."

यंदा आमच्या विभागाच्या दाराशी रॅम्प झाला. तिने रॅम्पच्या माथ्यावर गोटी ठेवली. गोटी सुटली आणि खालच्या स्कूटरवर टणकन आदळली. तोंडी परीक्षेच्या दिवशी माधुरी पायथ्याशीच ठाण मांडून बसली. तिचं म्हणणं एकच: हा रॅम्प तोडून नीट बांधा, तोवर माझी परीक्षा इथेच घ्या.

"मार्क्स कटेंगे, बेटा," विभागप्रमुख म्हणाले.

"काटिए, सर. पर ढलान भी काटिए."

मार्क कापले गेले. रॅम्पचा उतार तसाच राहिला.

मी संतापून पत्रक लिहिलं आणि ते दाखवायला चिनहटला तिच्या घरी गेलो, पहिल्यांदाच. तिची आई चाकांच्या खुर्चीत मटार सोलत बसली होती. खुर्चीचा ब्रेक सैल, पण खुर्ची जागची हलत नव्हती.

"इची तऱ्हा पाय," काकू भंडाऱ्याच्या बोलीत म्हणाल्या. "घर पाहाले गेलो का भाडं नाही पुसत, पयले गोटी ठेवते. किती घरमालक हासले!"

टेबलावरची गोटी मी हळूच फरशीवर ठेवली. लखनऊभर पळणारी ती गोटी काकूंच्या चाकाशेजारी गप्प बसून राहिली.

"तुह्यं कॉलेज पाहाचं होतं मले," काकू मटार सोलता सोलता माधुरीला म्हणाल्या. "येता येईन का गं?"

माधुरीने माझ्या हातातलं पत्रक घेतलं, उभ्याउभ्या वाचलं, खाली रॅम्पचा उतार लिहिला.

"उद्याच छाप."

"आणि उद्गारचिन्हं?"

"हवी तेवढी टाक," ती म्हणाली.