मुंग्यांचा लांबचा रस्ता

मल्लम्माला आज मुंग्यांचा भारी राग आला होता. एरवी न बोलावता साखरेच्या डब्यात पंगत धरणाऱ्या या बयांनी आज नेमकं तिच्या लेकाचं नाक कापायचं ठरवलं होतं.

लेक केदारनाथ बीडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ झाले, पण त्यांच्या गावाहून, धारूरहून, लाईन लागेल तर शपथ! त्याचं म्हणणं, मुंग्या वासावरून जवळची वाट धरतात, तसा फोनच्या तारेतल्या निरोपांनीही आपला रस्ता आपणच शोधावा. त्यावर तीन वर्षं घासून प्रबंध लिहिला. प्रयोग बघून औरंगाबादच्या विद्यापीठातल्या त्याच्या सरांनी सही केली तरच पदवी. मुंग्या काही औरंगाबादला नेता येईनात, म्हणून सरच धारूरला आले.

स्वयंपाकघरात भिंतीतल्या भोकापासून गुळाच्या खड्यापर्यंत पुठ्ठ्याचे दोन पूल टाकले होते, एक आखूड, एक लांब. आणि मुंग्या? दोन्ही पूल सोडून रांगेनं निघाल्या माजघराकडे!

"माय, तिकडं काही सांडलंस का?"

"म्या न्हाई बाबा! मला कावून इचारतो?" मल्लम्मा फटकन म्हणाली. तिकडं काय आहे ते तिलाच ठाऊक.

सर मोठे चिवट. पँट वर ओढून मुंग्यांमागं रांगतच निघाले, त्यांच्यामागं केदारनाथ. अप्पांच्या खाटेखाली दोघांची डोकी आपटली. तिथं कपबशी होती. काठोकाठ चहा, वर साय, आणि मुंग्यांची ही जत्रा.

अप्पांना, म्हणजे मल्लम्माच्या नवऱ्याला, सोमलिंगअप्पांना, जाऊन तीन महिने झाले होते.

मल्लम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या माणसापुढं शोभा झाली, वर लेकाची पदवीही बुडाली.

"माफ करा सर," केदारनाथ डोकं चोळत म्हणाला. "उद्यापासून हे बंद करतो."

"बंद? खबरदार!" सर खाटेखालूनच ओरडले. "जवळचा गूळ सोडून या इतक्या लांब का येतात, तेच तर मोजायचंय. आठ दिवस रोज, याच वेळी, एवढाच चहा. नोंदी आणा, सही घ्या. बाई, साखर किती घालता?"

"चार चमचे."

"एका कपात चार?"

मल्लम्मानं पदर तोंडाला लावला. "डाक्टरनं ह्यांची साखर आठ वर्सं बंद केलती साहेब. रोज हात जोडायचे, एक चिमूट तरी घाल म्हणायचे. लई जगावं म्हणून म्या न्हाई घातली."